ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर किती, वेळ किती आणि दिवस किती राखून ठेवायचे

माझी भाची गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधनाच्या कामात आहे. गेल्या वर्षी तिचा मेसेज आला, "मामा, ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येनला विमानाने किती वेळ धरू?" मी फोनवर नकाशा उघडला, अंगठा आणि तर्जनीने माप घेतलं. मुंबई-दिल्ली जेवढं दिसतं त्याच्या जवळपास तिप्पट अंतर भरलं. दिल्लीला दोन तास लागतात, म्हणून मी मामाच्या थाटात कळवून टाकलं: "पाच-सहा तास धर."

खरं उत्तर आहे दीड तासाच्या थोडं वर. अंतर तर मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. पोरीने हसण्याच्या चार बाहुल्या पाठवल्या आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. त्या संध्याकाळी जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण नॉर्वेच्या या दोन विमानतळांचं (ट्रॉम्सो मुख्य भूमीच्या उत्तर भागात, लाँगइयरब्येन त्याच्याही उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर) असलं, तरी हीच रीत अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड कुठेही चालते.

आधी नकाशाचा नाद सोडा

फोनवरचा सपाट नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये दर्यावर्दी लोकांना दिशा धरायला सोपं जावं म्हणून ही पद्धत आली. दिशा बरोबर दाखवायची म्हणजे कुठेतरी तडजोड आलीच, आणि ती मापात केली आहे. विषुववृत्तापासून जितकं वर जाल तितका नकाशा ताणला जातो. मुंबईच्या अक्षांशावर हा ताण जेमतेम सहा टक्के आहे, ट्रॉम्सोला तो २.९ पट होतो आणि लाँगइयरब्येनला ४.९ पट. म्हणून स्वालबार्ड द्वीपसमूह नकाशात अवाढव्य दिसतो आणि तिथवरचं अंतर डोळ्यांत भरतं.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. शाळेतला प्रयोग वाटेल, पण बोटांच्या मापापेक्षा शंभरपट विश्वासाचा. गोल नसेल तर पुढची आकडेमोड करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली पायरी: अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

विमानतळाचे अक्षांश-रेखांश म्हणजे साधारणपणे धावपट्टीच्या मध्याजवळचा एक ठरवलेला बिंदू. गावाचे आकडे घेऊ नका, विमानतळाचेच घ्या. आपले दोन असे:

ट्रॉम्सो (कोड टीओएस): ६९.६८३३ उत्तर, १८.९१८९ पूर्व.
लाँगइयरब्येन (कोड एलवायआर): ७८.२४६१ उत्तर, १५.४६५६ पूर्व.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. बऱ्याच ठिकाणी हे आकडे अंश आणि मिनिटांत दिलेले असतात. ट्रॉम्सोचा अक्षांश ६९ अंश ४१ मिनिटं. मी सरळ ६९.४१ लिहून मोकळा झालो. पण एका अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. ४१ भागिले ६० म्हणजे ०.६८३३. या एका चुकीने ट्रॉम्सो विमानतळ तीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. पैसे आणि तास-मिनिटं यांची गल्लत करण्यासारखंच हे. सव्वा तास म्हणजे १.१५ तास लिहिणारी माणसं मी ऑफिसात रोज पाहतो.

दुसरी पायरी: तोंडी अंदाज

सूत्राकडे जाण्यापूर्वी मनातल्या मनात एक आकडा काढून ठेवावा. नंतर कॅल्क्युलेटर काहीतरी भलतंच सांगू लागला तर लगेच कळतं.

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. सागरी मैलाची व्याख्याच मुळात तिथून आली. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आपल्या दोन अक्षांशांतला फरक ८.५६२८ अंश. त्याला ६० ने गुणलं की ५१४ सागरी मैल, म्हणजे ९५१-९५२ किलोमीटर. हे झालं फक्त उत्तर-दक्षिण अंतर.

आता पूर्व-पश्चिम. रेखांशांतला फरक ३.४५ अंश. विषुववृत्तावर एवढा फरक ३८० किलोमीटरच्या पुढे गेला असता. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींना भेटायला निघालेल्या असतात. एक अंश रेखांश मुंबईत १०५ किलोमीटर, ट्रॉम्सोला साडेअडतीस, आणि लाँगइयरब्येनला साडेबावीसच्या आसपास. मधला तीसेक धरला तर आपला फरक शंभर किलोमीटरचा. ९५२ आणि १०० यांना काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजा, कर्ण निघतो ९५७. म्हणजे शंभर किलोमीटर आडवं जाऊनही एकूण अंतरात फक्त पाचाची भर. विमान जवळजवळ नाकासमोर उत्तरेला जातं.

तिसरी पायरी: पक्कं उत्तर

दहावी-बारावीची त्रिकोणमिती आठवत असेल तर उत्तम, नसेल तरी बटणं दाबता येतात. सूत्र असं:

कॉस(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × कॉस(रेखांशांतला फरक)

आकडे घालू. पहिला गुणाकार ०.९३७७८८ × ०.९७९०३२ = ०.९१८१२४. दुसरा ०.३४७२०९ × ०.२०३७०८ × ०.९९८१८४ = ०.०७०६०१. बेरीज ०.९८८७२५. याचा उलटा कॉस घ्या, कोन येतो ८.६१२ अंश. पृथ्वीच्या गोलावर एक अंश १११.१९५ किलोमीटरचा, म्हणून अंतर ९५७ ते ९५८ किलोमीटर. सागरी मैलांत ५१७.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, हे आधी बघा. रेडियनवर असेल तर उत्तर असं येईल की लाँगइयरब्येन चंद्रावर आहे की काय वाटावं. आणि दशांशानंतर सहा आकडे तरी ठेवा. उत्तर एकाच्या इतकं जवळ असतं की चार आकड्यांवर थांबलात तर एक-दोन किलोमीटर इकडचे तिकडे होतात.

काही संकेतस्थळांवर तुम्हाला ९६१ दिसेल. चूक कोणाचीच नाही. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी असल्यामुळे वर उत्तरेत अक्षांशाचा एक अंश जरा लांब, १११.६ किलोमीटरचा भरतो. चपटेपणा हिशेबात धरणाऱ्यांना ९६१ मिळतं, शुद्ध गोल धरणाऱ्यांना ९५७. प्रवासाच्या नियोजनाला या चार किलोमीटरांनी काडीचाही फरक पडत नाही.

जाता जाता एक गंमत, कारण उत्तरेत ही फार फसवते. ट्रॉम्सो आणि अलास्कामधलं उत्कियागविक (पूर्वीचं बॅरो) ही दोन्ही सत्तर-एकाहत्तर अक्षांशांच्या आसपास आहेत. सपाट नकाशात एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला. अक्षांशाची रेषा धरून गेलात तर साडेसहा हजार किलोमीटर होतात. वरच्या सूत्राने काढा: सुमारे ४,३४० किलोमीटर. वाट जवळजवळ ध्रुवावरून जाते आणि नकाशात ती वाट काढायलाच जागा नाही, कारण फोनवरचा नकाशा ८५ अंशांवर संपतो. दोन ठिकाणं एकाच अक्षांशावर दिसली की आडवी रेघ मारू नका, एवढं यातून घ्यावं.

चौथी पायरी: अंतराचा वेळ करा

इथे लोक अंतराला वेगाने भागतात आणि थांबतात. तसं करू नका.

या मार्गावर साधारणपणे बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० च्या कुळातली जेट विमानं असतात. ती ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने जातात. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ धरलं तर विमानाचा वेग ताशी सुमारे ८२८ किलोमीटर. हिवाळ्यात तिथे वर उणे ६५ असेल, तर तेच विमान त्याच ०.७८ वर ताशी ८१२ नेच जातं. थंडीने विमानसुद्धा जरा हळू चालतं म्हणा ना. या मार्गावर त्याने एक-दीड मिनिटाचा फरक पडतो, लांबच्या मार्गावर जास्त.

९५७ भागिले ८३० म्हणजे ६९ मिनिटं. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय लाँगइयरब्येनची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान दक्षिणेकडून येतं, म्हणजे शेवटी फ्योर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) बाजूने किंवा दरीच्या बाजूने वळसा घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. या सगळ्याची पंधराएक मिनिटं. ट्रॉम्सोला गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि तिकडे उतरून थांब्यापर्यंत मिळून दहा-बारा. बेरीज ९५ मिनिटांच्या आसपास. वेळापत्रकात हाच वेळ दीड ते पावणेदोन तासांच्या दरम्यान छापलेला असतो. याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. हवेतला वेळ त्याहून दहा-पंधरा मिनिटांनी कमी असतो. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर आधी हे तपासा.

माझा घरगुती नियम: जेट विमान असेल तर अंतर भागिले ८३०, वर पंचवीस ते तीस मिनिटं. पाचशे किलोमीटर असो की दोन हजार, उत्तर दहा मिनिटांच्या आत येतं.

वाऱ्याचं काय? ताशी ६० सागरी मैलांचा, म्हणजे १११ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ६९ मिनिटांची ८० होतात. पाठीमागून असेल तर ६१. पण वरचे मोठे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि आपला मार्ग दक्षिण-उत्तर. तोच वारा बाजूने आला तर जेमतेम पाऊण मिनिट वाढतं. म्हणूनच या मार्गावर जाण्याचा आणि येण्याचा वेळ जवळपास सारखा दिसतो. मुंबई-लंडनसारखा तासाभराचा फरक इथे शोधू नका.

घड्याळाचं एका वाक्यात: ट्रॉम्सो, लाँगइयरब्येन आणि ऑस्लो तिघांची वेळ एकच, भारताच्या मागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन, बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो.

पाचवी पायरी: ट्रॉम्सोमार्गे की ऑस्लोहून थेट

भारतातून जाणारा माणूस बहुधा ऑस्लोला उतरतो. तिथून थेट विमानही मिळतं, ट्रॉम्सोला थांबणारंही. वरचंच सूत्र लावा. ऑस्लो-लाँगइयरब्येन थेट २,०१३ किलोमीटर. ऑस्लो-ट्रॉम्सो १,११५ आणि पुढे ९५८, मिळून २,०७३. वाकडी वाट फक्त साठ किलोमीटरने जास्त! पण वेळ बघा: थेट विमान तीन तासांच्या आसपास, ट्रॉम्सोमार्गे थांबा धरून साडेचारच्या आसपास. साठ किलोमीटरला दीड तास. एकदा उतरणं आणि पुन्हा चढणं हाच त्या दीड तासाचा खरा धनी.

तो थांबाही साधा नाही. स्वालबार्ड नॉर्वेचा असला तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे. त्यामुळे ट्रॉम्सोला विमानातून सगळ्यांनी उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, आणि पुन्हा चढायचं. अनेकदा तेच विमान, तीच सीट. झोपेतून उठवल्यावर माणसं पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत शोधत बसतात आणि मागची रांग खोळंबते. पासपोर्ट खिशात ठेवा. थेट विमानाने गेलात तर हीच तपासणी ऑस्लोला होते. परतताना पासपोर्टबरोबर कस्टम्सचाही सोपस्कार असतो, कारण स्वालबार्ड नॉर्वेच्या करक्षेत्रातही नाही.

आणि आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, अधोरेखित करून ठेवा. स्वालबार्डला जायला कोणालाच व्हिसा लागत नाही, पण तिथे पोहोचायचं तर नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून जावं लागतं आणि तिला शेंगेन व्हिसा लागतो. स्वालबार्डला जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता, येताना पुन्हा आत शिरता. म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही, दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा हवा. भाचीच्या ओळखीतल्या एकाचा अर्ज भरून देणाऱ्याने "देश एकच आहे की" म्हणत एकदाच प्रवेशावर खूण केली होती. निघायच्या तीन आठवडे आधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

सहावी पायरी: दिवस राखून ठेवा

दीड तासाचा प्रवास म्हटल्यावर माणूस सकाळी जाऊन दुपारची पुढची वेळ ठरवतो. उत्तरेत हे अंगाशी येतं.

नकाशात या वाटेवर बघा. मधोमध ब्योर्नोया नावाचं एक बेट आहे. त्यावर हवामान केंद्र आहे, पण प्रवासी विमान उतरेल अशी धावपट्टी नाही. म्हणजे ट्रॉम्सो सोडलं की खाली समुद्र आणि पुढे एकच मोठी धावपट्टी, सुमारे अडीच किलोमीटरची, १९७५ मध्ये सुरू झालेली, कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली. ती जमीन उन्हाळ्यात वरून सैल होते आणि पट्टीला लाटा येतात, म्हणून तिची डागडुजी कायम चालू असते. उन्हाळ्यात फ्योर्डमधून धुकं चढतं, हिवाळ्यात वारा आणि उडतं बर्फ. उतरता आलं नाही तर वैमानिक घिरट्या घालतो आणि नाइलाजाने मुख्य भूमीकडे परततो. आपल्याकडे पुण्याचं विमान मुंबईला वळवलं तर टॅक्सीने घरी येता येतं. तिथे तुम्ही जिथून निघालात तिथेच परत.

त्यामुळे हिशेब असा करा. उड्डाणाचे दीड-पावणेदोन तास. ट्रॉम्सोला दीड-दोन तास आधी पोहोचा. हिवाळा असेल तर पंखांवरचं बर्फ काढायला दहा-वीस मिनिटं. उतरल्यावर सामान आणि गावात नेणारी बस मिळून तासभर. विमानतळ गावापासून पाचेक किलोमीटर आहे, बस विमानाच्या वेळेला उभी असते, आणि वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलांचा प्रदेश असल्यामुळे "चालत जाऊ" हा विचार करू नका. दारापासून दारापर्यंत पाच तास. म्हणजे माझं ते पाच-सहा तासांचं उत्तर चुकून बरोबर ठरलं, हे मी भाचीला आवर्जून सांगितलं. तिने दाद दिली नाही.

याच्यावर जाताना एक पूर्ण दिवस मोकळा, आणि परतताना भारताचं विमान पकडण्यापूर्वी ऑस्लोत एक रात्र. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं काढली असतील तर ही रात्र अजिबात कापू नका, कारण एक विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं.

एक छोटी सूचना: लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळत नाही आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. तिकिटावरचे १:३० रात्रीचे की दुपारचे, हे बाहेर बघून कळणार नाही. चोवीस तासांचं घड्याळ लावा.

शेवटचे एकशे दहा किलोमीटर

सहलीला जाणाऱ्यांचा प्रवास इथे संपतो. भाचीला पुढे जायचं होतं, स्वालबार्डवरच्याच नी-ऑलेसुंड या संशोधन वस्तीला. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे आणि त्याचा कारभार वास्कोहून, हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

अंतर काढा: ११० किलोमीटर. मुंबईहून खोपोली ओलांडून लोणावळ्याच्या पुढे जावं इतकंच. रस्ता नाही. दोन पंख्यांचं छोटं डॉर्नियर २२८ जातं. याच जातीची विमानं आपल्याकडे कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स बनवते. वेळ पंचवीस मिनिटांच्या आसपास. इथे माझा जेटचा नियम लावू नका. ११० ला ८३० ने भागलंत तर आठ मिनिटं येतात, आणि आठ मिनिटांत हे विमान धड उंचीही गाठत नाही. अशा छोट्या टप्प्यांना सगळं धरून सरासरी ताशी अडीचशे ते तीनशे किलोमीटर धरा, उत्तर जुळतं. सीट मोजक्या, सामान वजन करून, आणि जागा संशोधन वस्ती चालवणाऱ्या कंपनीमार्फतच मिळते; काउंटरवर जाऊन तिकीट मागण्याची सोय नाही.

भाचीने जाताना एक दिवस राखून ठेवला होता. लागले दोन. धुकं पहिल्या दिवशी उठलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलं नाही. तिसऱ्या सकाळी साडेसातला मेसेज आला, "मामा, बसतेय. ११० किमी, २५ मिनिटं, अधिक दोन दिवस. तुझ्या सूत्रात घाल." त्यानंतर फोन शांत. नी-ऑलेसुंडला आकाशातल्या क्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या अँटेना आहेत, त्यांना त्रास होऊ नये म्हणून तिथे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. विमानात बसताना फोन फ्लाइट मोडवर टाकायचा आणि विमान उतरल्यावरही तसाच ठेवायचा. पोहोचल्याचं तिने रात्री, तारेने जोडलेल्या संगणकावरून कळवलं.